नाडी सत्तर

आईच्या डाव्या खांद्याखाली मशीन बसवलं तेव्हा मी सांगलीत एका शाळेत शास्त्र शिकवत होते. त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं समजून घेऊन घरच्यांना सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आपोआप कसलं, मीच ते ओढून घेतलं. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. त्या गावातून बीएस्सी झालेली मुलगी मी एकटीच, आणि ही गोष्ट मी कुणाला फार वेळ विसरू देत नसे.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. आईला आधी चकरा यायच्या. पहिल्यांदा गोठ्यात पडली, तेव्हा म्हशीनं ढकललं असं ठरलं. दुसऱ्यांदा देवळाच्या पायरीवर पडली, तेव्हा उपास बाधला असं ठरलं. तिसऱ्यांदा चुलीपुढं पडली आणि हात भाजला, तेव्हा कुठं माझ्या भावानं तिला जीपमध्ये घालून मिरजेला आणलं. तिथं कळलं की तिची नाडी मिनिटाला चौतीस-पस्तीस पडतेय. डॉक्टर मध्यमवयीन, हळू बोलणारे होते. ते म्हणाले, हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे जाणारा विजेचा निरोप वाटेतच अडतोय, पेसमेकर बसवावा लागेल. शिवाय हृदय थोडं मोठं झालंय, त्याची ताकद कमी झालीय, तिकडंही लक्ष ठेवावं लागेल.

मशीन बसलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, चपटं. कातडीखाली त्याची कड बोटाला लागायची. घरी सोडताना डॉक्टर आईच्या कॉटपाशी उभे राहिले आणि त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, नाडी रोज मोजा, ती सत्तरच्या खाली गेली तर ताबडतोब या. दुसरी, दम लागायला लागला, पायावर सूज आली किंवा आडवं पडलं की गुदमरायला झालं, तर नाडी कितीही असू दे, तरी या. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. गावी गेल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भिंतीवर लावायला एक कार्ड करून मागितलं. जाड पुठ्ठ्यावर लाल शाईनं मी वळणदार अक्षरात लिहिलं: नाडी ७०. कमी झाल्यास ताबडतोब मिरज.

दुसरी गोष्ट मी लिहिली नाही. त्यात काही कपट नव्हतं, घाईही नव्हती. दम लागणं आणि पाय सुजणं ही मला आजाराची लक्षणंच वाटली नाहीत. पन्नाशी ओलांडलेली आमच्या गावातली कुठली बाई संध्याकाळी पाय धरून बसत नाही? सत्तर हा आकडा मात्र मिरजेहून आलेला होता, नवा होता, यंत्राचा होता. शिवाय पुठ्ठ्यावर एकच ओळ देखणी दिसत होती. हे कारण लिहितानासुद्धा मला माझी किळस येते, पण ते खरं आहे.

अण्णा सैन्यातून हवालदार होऊन घरी आलेले. ऊस भाऊ बघायचा, घर आई आणि वहिनी बघायच्या. अण्णांना बघायला काही उरलं नव्हतं. पलटणीत असताना रोज गिनती व्हायची, माणसं मोजून वर रिपोर्ट जायचा. ते सगळं सुटल्यापासून ते सोप्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरायचे. माझ्या कार्डानं त्यांना नोकरी परत मिळवून दिली. रोज सकाळी सातला चहा झाला की ते हाक मारायचे, ‘‘गिनती!’’ आई हातातलं काम टाकून, पदराला हात पुसत सोप्यात यायची आणि उजवा हात पुढं करायची. अण्णा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवायचे. मिनिट संपलं की म्हणायचे, ‘‘सत्तर. सब ठीक.’’ मग रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, सत्तर आणि खाली लफ्फेदार सही. घरात तेवढं एक मिनिट कुणी बोलायचं नाही.

खोटं कशाला बोलू, पहिले सहा-आठ महिने फार चांगले गेले. चकरा थांबल्या. आईच्या तोंडावर तकाकी आली. ती पुन्हा गोठ्यात जायला लागली, भाकऱ्या थापायला लागली. अण्णा दारावरून जाणाऱ्याला थांबवून मशिनीचं सांगायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घेतलं की आईचा हात धरून बसायच्या. कुणाला घड्याळ कळत नव्हतं, तरी चेहरा गंभीर करून त्या माना हलवायच्या. एक म्हातारी म्हणाली, ‘‘आता तुला मराण न्हाई बघ. मशीन कुठलं मरतंय?’’ आई हसली. तिला त्या दिवशी मजा आली होती. आपल्याकडे कुणी कशासाठी तरी बघायला येतंय, याची तिला सवय नव्हती.

गावची जत्रा उन्हाळ्यात असते. त्या वर्षी मी सुट्टीत गेले होते. सगळे पाहुणे जमलेले, जेवणं झालेली, पुरुषमंडळी सोप्यात पान लावत बसलेली. माझ्या मामांनी विषय काढला. म्हणाले, ‘‘बसल्या जागी सत्तर असंल. पर पळालं, चढलं, की कुनाची बी नाडी वाढतीया. तवा काय करतंय तुमचं मशीन?’’ मामांना कुणी उत्तर दिलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. पण सोप्याच्या दारात शास्त्राची बाई उभी होती. मी म्हटलं, ‘‘मामा, नाही वाढणार. पैज लावा.’’ आणि मी आईला हाक मारली.

आमच्या घराला माडी आहे. जिना लाकडी, उभा, एकवीस पायऱ्यांचा. आईला आम्ही तो चढून उतरायला लावला. ती म्हणाली, ‘‘आत्ताच भांडी घासून बसले हाय गं.’’ अण्णा म्हणाले, ‘‘चल, चल. पावन्यांस्नी बघू दे.’’ ती चढली, उतरली. मी मनगट धरलं, अण्णांनी घड्याळ. सत्तर. मामा म्हणाले, एकदा चढून काय होतंय, परत चढव. ती परत चढली. या वेळी उतरताना ती प्रत्येक पायरीवर थांबत होती आणि खाली आल्यावर शेवटच्या पायरीवरच बसली. मी तिथंच उकिडवी बसून नाडी मोजली. सत्तर! सोप्यातल्या माणसांनी टाळ्या पिटल्या. मामांनी कान धरले. मी आईचं मनगट हातात धरून सगळ्यांना समजावून सांगत होते की मशीन कसं ठरावीक वेळानं ठोका देतं आणि शरीराच्या धावपळीशी त्याचा काही संबंध कसा नसतो. आईच्या नाकपुड्या फुगत होत्या. ओठ काळसर दिसत होते. पाणी मागायला तिला दोनदा तोंड उघडावं लागलं. वहिनीनं तांब्या आणून दिला.

नंतर आत गेल्यावर ती मला म्हणाली, ‘‘नाडी न्हाई चढली ते खरं, पर मी मातूर मेले की गं.’’

मी हसले. इतकी हसले की हा विनोद मी सांगलीला परत गेल्यावर शाळेतल्या बायकांनाही सांगितला.

तिला दम का लागला होता, हे मी त्या दिवशी स्वतःच्या तोंडानं सांगून बसले होते, फक्त मला ते ऐकू आलं नाही. तुम्ही-आम्ही जिना चढतो तेव्हा अंगाला जास्त रक्त लागतं, म्हणून हृदय पळतं. आईचं हृदय आधीच थकलेलं, आणि मशीन त्याला सत्तरच्या वर ठोके देत नव्हतं. आजकाल माणसाच्या हालचालीप्रमाणे ठोके वाढवणारी मशिनं सर्रास बसवतात. तिचं तसलं नव्हतं. नववीच्या वर्गाला नाडी आणि व्यायाम हा धडा मी दरवर्षी शिकवत होते. पोरांना मैदानाला चक्कर मारायला लावून नाडी मोजायला लावत होते. एखाद्या पोराची नाडी वाढली नसती तर मी घाबरले असते. आईची वाढली नाही तेव्हा मला टाळ्या मिळाल्या.

जत्रेनंतर तिनं तक्रार करायला सुरुवात केली. आता विचार करते तेव्हा वाटतं, तिनं सगळं सांगितलं होतं, अगदी डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमानं. ‘‘आवं, मला गोठ्यापतुर जायाचं तरी दम लागतुया.’’ अण्णा हात पुढं करायचे. सत्तर. ‘‘सत्तर हाय की. मग काय धाड भरलीया तुला?’’ पुढं म्हणायला लागली, ‘‘आडवं पडलं की छातीवर कुनी बसल्यागत हुतंय.’’ हात. सत्तर. वहिनी तशी वाईट नव्हती, पण तिच्याही डोक्यावर कामाचा डोंगर होता. ती मला आडून म्हणाली, ‘‘मशीन बसल्यापासून आत्याबाई जरा लाडावल्यात.’’ मी तिला समजावलं नाही. मला ते थोडं खरंच वाटलं.

शेजाऱ्यांकडे नुकताच फोन बसला होता. मी रविवारी सांगलीहून एसटीडी बूथवरून फोन करायचे आणि आईला बोलावून आणलं की पहिला प्रश्न विचारायचे, ‘‘नाडी किती?’’ ती म्हणायची, ‘‘सत्तर.’’ मग मी खुशालीत पुढचं बोलायचे. एकदा तिनं धाडस करून म्हटलं, ‘‘त्यो डाक्टर पायाचं कायतरी बोलला हुता बघ, सूज आली तर या म्हनून.’’ मी म्हटलं, ‘‘अगं, ते असं सगळ्यांनाच सांगतात.’’ मग ती म्हणाली, ‘‘बरं.’’

त्या श्रावणात घरात मोठं भांडण झालं, ते जोडव्यांवरून. आईनं पायातली जोडवी काढली होती. लग्न झाल्यापासून तिच्या बोटांतून ती कधी निघाली नव्हती. तिनं तेल लावून, साबण लावून, अर्धा दिवस झटून ती काढली आणि देवापाशी डबीत ठेवली. शुक्रवारी सवाष्ण म्हणून तिला शेजारी जेवायला बोलावलं होतं, तिथं कुणाच्या तरी लक्षात आलं. अण्णांच्या कानावर गेलं. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. ‘‘मी जित्ता हाय न्हवं अजून? का मेलोय?’’ आई म्हणत होती, ‘‘बोटात घुसाय लागली हुती ओ. बघा तरी.’’ तिनं पाय पुढं केला. अण्णांनी बोटाकडे बघितलं आणि तिथं चांदी नाही एवढंच त्यांना दिसलं. वहिनीनं रडायला सुरुवात केली. भाऊ म्हणाला, असलं अभद्र कशाला करायचं.

मला बोलावण्यात आलं. घरातली शहाणी मी. मी शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीनं कराड गाठून गावी गेले, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि तोडगा काढला. अण्णांना सांगितलं की जोडव्यांनी कुणी जगत-मरत नाही. आईला सांगितलं की तरीही घरात शांतता हवी तर घालायला काय हरकत आहे, ही घट्ट होत असतील तर मोठ्या मापाची आणून देते. दोघांनाही पटलं. पुढच्या आठवड्यात मी सांगलीच्या सराफ कट्ट्यावर गेले. जुनं जोडवं नमुन्याला नेलं होतं. म्हटलं, याच्यापेक्षा दोन मापं मोठं द्या. दुकानदार म्हातारा होता. जोडवं बोटावर फिरवत म्हणाला, ‘‘एकदम दोन मापं? आईंचे पाय सुजतात काय हो?’’

मी म्हटलं, ‘‘वय झालं आता.’’

सराफाला कळलं होतं. ज्यानं माझ्या आईला कधी बघितलं नाही, त्याला एका चांदीच्या कड्यावरून कळलं. मी पुडी पर्समध्ये टाकली, घासाघीस करून थोडी सूट घेतली आणि वर स्वतःवर खूश होऊन घरी आले. नवी जोडवी आईच्या पायात सहज गेली. अण्णा निवले. मीच आणली म्हणून आईनंही मुकाट्यानं घातली.

दिवाळीला भाऊबीजेसाठी गेले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाटावर बसून वहिनीला करंज्यांचं सारण सांगत होती. तीन शब्द बोलायची आणि थांबायची. ‘‘खोबरं जरा जास्त...’’ मग श्वास. ‘‘घाल. साखर...’’ मग श्वास. मला बघून उठायला गेली आणि उठता येईना. मी धावत जाऊन तिला धरलं, आणि धरल्या धरल्या माझी बोटं तिच्या मनगटावर गेली. कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनंच गेली. सत्तर.

तेव्हा माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. मोठ्या मापाचं जोडवंही दिसत नव्हतं. बोटाचं मांस त्याच्यावर चढलं होतं आणि कडेनं पू आला होता. आम्ही तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं ते त्या बोटासाठी. हृदयासाठी नाही. हृदय आमच्या मते ठीक होतं. त्या डॉक्टरांनी बोट बघितलं, साडी जरा वर करून नडगीवर अंगठा दाबला, उचलला. कणकेत दाबावा तसा खड्डा राहिला आणि बराच वेळ भरला नाही. ते म्हणाले, ‘‘बोटाचं नंतर बघू. आधी मिरज गाठा. आजच.’’

मिरजेला तेच हळू बोलणारे डॉक्टर होते. त्यांनी मशीन तपासलं. मशीन उत्तम चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, ‘‘सूज केव्हापासून आहे?’’

अण्णांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. ‘‘साहेब, एक दिवस चुकवला नाही. रोज सात वाजता. एकदाही सत्तरच्या खाली नाही.’’ डॉक्टरांनी रजिस्टर हातात घेतलं, दोन-चार पानं उलटली. हसले नाहीत, त्याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो. ‘‘छान ठेवलंय,’’ म्हणाले आणि ते मिटून आईकडे वळले. ‘‘मावशी, तुम्ही सांगा. दम केव्हापासून लागतोय?’’

आईनं आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, ‘‘त्यांस्नीच इचारा. माझ्या बोलन्याचा काय पुरावा?’’

मग डॉक्टरांनी आम्हांला समजावलं. मशीन ठोका देतं, ताकद देत नाही. ठोके बरोबर पडत असले तरी प्रत्येक ठोक्याला हृदय रक्त कमी फेकत असेल तर पाणी साचतं. पायात साचतं, फुप्फुसात साचतं. जिना चढायचा नाही, मीठ बंद, लघवी होण्याची गोळी रोज. ‘‘सूज आली, दम लागला तर लगेच या, हे मी जाताना सांगितलं होतं,’’ ते म्हणाले. रागानं नाही, फक्त नोंद करावी तसं.

अण्णा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पडला होता. ‘‘असं सांगितलं हुतं त्यांनी?’’

मी म्हटलं, ‘‘मला आठवत नाही.’’

वही माझ्या कपाटात होती. ओळ माझ्या अक्षरात होती. आई कॉटवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. तिलाही ती ओळ आठवत होती, फोनवर तिनंच मला ती सांगितली होती. तिनं मला उघडं पाडलं असतं तर फार बरं झालं असतं. अण्णांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, मी रडले असते, आणि पुढं कदाचित वेगळं घडलं असतं. पण तिनं तोंड भिंतीकडे केलं. एका सिस्टरनं बारीक पक्कड आणून तिच्या पायातली जोडवी कापून काढली.

गोळ्यांनी पाणी उतरलं. आठ-दहा दिवसांत आईचे पाय ओळखू यायला लागले. ती घरी आली आणि आम्ही सगळे सुधारलो. सुधारलो म्हणजे काय, ते ऐका. मी सांगलीहून वजनाचा काटा नेला, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाणी साचलं तर वजन वाढतं. अण्णांनी रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला. आता सकाळी सातला नाडी आणि वजन. भिंतीवर मी नवं कार्ड लावलं, या वेळी सगळ्या ओळींचं. सोप्यात पुरुषमंडळी बसलेली असायची आणि आई त्यांच्यादेखत काट्यावर उभी राहायची, पदर घट्ट धरून, आकड्याकडे न बघता. अण्णा वाकून वाचायचे. काटा हलला की गोळी वाढवायची, उतरला की सब ठीक.

मी फोनवर आता विचारायचे, ‘‘दम लागतो का? पाय कसे आहेत?’’ ती म्हणायची, ‘‘बरी हाय.’’ प्रत्येक रविवारी, बरी हाय. मला हायसं वाटायचं. आमची चूक आम्ही दुरुस्त केली, असं मी स्वतःला सांगत होते. शाळेत एका भाषणात मी हे उदाहरणही दिलं होतं, जागरूकतेचं म्हणून.

दोन वर्षं अशी गेली. मग एका थंडीत मी गावी गेले असताना गोठ्याकडे म्हशीचं बघणारी बाई भेटली. गवताचा भारा खाली टाकून ती मला म्हणाली, ‘‘ताई, म्हातारीला घिऊन जावा की कुठंतरी. दोन म्हैनं झालं, पाट टेकली न्हाई तिनं.’’ मला कळेना. ती म्हणाली, ‘‘आडवंच पडवंना तिला. खोलीचं दार लावती अन् पेंडीच्या पोत्याला टेकून रात काढती. सकाळच्याला पोतं मी गोठ्यात आनून ठेवती, कुनाला कळू न्हाई म्हनून.’’

मी विचारलं, ‘‘तू घरात का नाही सांगितलंस?’’

‘‘तीच नगं म्हनली. म्हनली, सांगितलं की समदी मोजाय बसत्यात.’’

काट्यावर काही दिसलं नव्हतं. मागाहून डॉक्टरांनी सांगितलं की जेवण तुटून अंग झडत असेल तर आत पाणी साचलं तरी काटा जागचा हलत नाही. आई झडत चालली होती आणि आम्ही काटा बघत होतो.

मी आत गेले. आई परसात उन्हाला बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसले. हात माझ्या मांडीखाली दाबून ठेवले, तिच्या मनगटाकडे जाऊ नयेत म्हणून. विचारलं, ‘‘आई, कसं होतंय तुला? खरं सांग.’’

तिनं सूप थांबवलं नाही. ‘‘बरी हाय.’’

‘‘अगं, मला सांग ना. मला सांगायचं नाही तर कुणाला?’’

‘‘सांगून बघितलं हुतं की, बाई,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ घातलं होतं की, असं सांगावं तसं ती म्हणाली. मग एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुढचे तांदूळ ओढले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला मिरजेला नेलं. डॉक्टरांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी स्टूल ओढलं, तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, ‘‘मावशी, सांगा.’’ आणि आईनं सांगितलं. आम्ही, म्हणजे अण्णा, भाऊ आणि मी, दाराशी उभे होतो. कधीपासून भूक मेली. कोणत्या सणाला पहिल्यांदा बसून रात्र काढावी लागली. न्हाणीतून खोलीपर्यंत यायला मध्ये किती वेळा भिंत धरावी लागते. उजव्या बरगडीखाली कसं भरल्यासारखं वाटतं. एकही गोष्ट मागेपुढे नाही. दम लागत होता तिथं ती थांबत होती आणि श्वास आला की जिथं सोडलं तिथूनच उचलत होती. इतकं सलग बोलताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. डॉक्टर मध्ये एक शब्द बोलले नाहीत. अण्णा रजिस्टरची पिशवी छातीशी धरून खाली बघत होते.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले की हृदय फारच थकलंय. परदेशात आता हृदयाच्या दोन्ही बाजूंना एकदम ठोका देणारी मशिनं बसवायला लागलेत, अशाच रुग्णांसाठी. अण्णा म्हणाले, ‘‘मग ते बसवा, साहेब.’’ ते म्हणाले, ‘‘आपल्याकडे यायला वेळ आहे. आणि मावशींच्या हातात तेवढा वेळ नाही. दोन महिने आधी आणलं असतं तर गोळ्यांवर अजून काही दिवस काढले असते.’’

मी आत गेले. आई उशांना टेकून बसली होती. एवढं बोलून ती दमली होती, पण चेहरा मोकळा दिसत होता. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि विचारलं, ‘‘कसं वाटतंय?’’

‘‘बरी हाय,’’ ती म्हणाली.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. डॉक्टर सकाळी आले की ती त्यांना रात्र कशी गेली ते सगळं सांगायची. सिस्टरला सांगायची. शेजारच्या कॉटवर जत भागातली एक बाई होती, तिला मराठी निम्मंच कळायचं, तिलाही सांगायची. मी रोज विचारत होते. मला तिनं शेवटपर्यंत बरी हाय एवढंच सांगितलं.